आठ, नऊ, तीन

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून कोपरगावला आला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फराळ झाला, गप्पा झाल्या, घर निजलं आणि साडेदहाच्या सुमाराला माडीवरून आवाज येऊ लागले. कुणीतरी जपानीत ओरडत होतं, काच फुटत होती, मग धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज आणि पुन्हा आरडाओरडा. मी वर जाऊन पाहिलं. भाचा लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलेला. पडद्यावर दिव्यांनी झगमगणारा एक बाजाररस्ता आणि त्यात सूट घातलेला एक दांडगा माणूस रस्त्याकडेची सायकल उचलून दुसऱ्याच्या पाठीत घालत होता.

"हे काय रे?"

"याकुझा, मामा."

"म्हणजे काय?"

"जपानमधले भाई लोक."

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. 'भाई' हा शब्द एखाद्या पोराच्या तोंडून कौतुकानं आला की माझे कान टवकारतात. बंद कर ते आणि झोप, असं सांगणारच होतो. पण मास्तरकीची खोड जात नाही. विचारलं, "याकुझा या शब्दाचा अर्थ काय?"

"आठ, नऊ आणि तीन," तो म्हणाला. हे उत्तर ऐकून मी खाली बसलो, तो रात्री दीड वाजता उठलो. त्या रात्री जे पाहिलं आणि नंतर जे वाचून काढलं, ते आज आपल्याला सांगायचं आहे.

जपानमध्ये ओइचो-काबू नावाचा पत्त्यांचा एक जुना जुगार आहे. हातात आलेल्या पानांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा फक्त एककाचा आकडा धरायचा. नऊ आला तर उत्तम, शून्य आला तर गेलात. आता आठ, नऊ आणि तीन यांची बेरीज किती? वीस. एककाचा आकडा शून्य. म्हणजे ही तीन पानं हातात आली की डाव संपला. या आकड्यांना जपानीत 'या', 'कु' आणि 'सा' म्हणतात. या-कु-सा, त्याचंच पुढे याकुझा झालं. कुठल्याच कामाला न येणारा, बेरजेत शून्य ठरणारा माणूस, असा त्याचा अर्थ. आणि हे नाव त्या लोकांनी स्वतःच मिरवलं.

भाच्याला वाटलं, मामाला हे गणित समजावून द्यावं लागेल. मी म्हटलं, "तीनशे एकोणनव्वदचा पाना, आकडा शून्य." तो बघतच राहिला. "मामा, तुम्ही मटका खेळायचात?"

मी खेळत नव्हतो. पण माझ्या पिढीतल्या माणसाला हे गणित शाळेत जाण्याआधी कानावर पडलेलं असे. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लावत. तो धंदा बंद पडल्यावर १९६२ साली कल्याणजी भगतनं आणि पाठोपाठ १९६४ साली रतन खत्रीनं मटका सुरू केला. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, एककाचा आकडा तो 'ओपन'. तसंच पुन्हा 'क्लोज'. गिरणगावातून हा आकडा टेलिफोनवरून तालुक्यातालुक्यांत पोचायचा. एसटी स्टँडच्या मागं, पानाच्या टपरीवर चिठ्ठ्या फाडल्या जायच्या. हजारो मैलांवरच्या दोन देशांत जुगाराचं गणित एकच निघालं, आणि त्या गणितावर गुन्हेगारीचे मोठे वाडे उभे राहिले. कारण जुगार म्हटला की उधारी आली, उधारी म्हटली की वसुली आली, आणि वसुलीला दांडगी माणसं लागतात.

जपानमध्येही मूळ हेच. एदो काळात, म्हणजे साधारण आपल्या शिवकाळापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत आणि त्यापुढेही काही वर्षं, तिथं दोन प्रकारचे लोक होते. एक जुगाराचे अड्डे चालवणारे, ते बाकुतो. दुसरे जत्रांतून पालं लावून माल विकणारे, ते तेकिया. घर नाही, जमीन नाही, समाजात पत नाही, अशी माणसं त्यांच्याकडे जमत गेली. त्यांच्या टोळ्या म्हणजे आजच्या याकुझांचे पूर्वज.

गल्लीएवढं जग

आता हा खेळ काय आहे ते सांगतो. ज्यांच्या घरात मुलं आहेत त्यांनी 'ओपन वर्ल्ड' हा शब्द ऐकला असेल. जुन्या व्हिडिओ गेममध्ये डावीकडून उजवीकडे पळायचं, उड्या मारायच्या, पुढच्या पायरीवर जायचं. वाट एकच. ओपन वर्ल्ड म्हणजे मोकळं जग. तिथं तुम्हाला एक आख्खं गाव किंवा शहर दिलेलं असतं. मुख्य कथा पुढं न्यायची की चौकात उभं राहून चहा प्यायचा, हे तुम्ही ठरवायचं. अशा बहुतेक प्रसिद्ध खेळांत शहर अफाट मोठं असतं आणि खेळणारा मोटारी पळवत त्यात हिंडतो.

जपानी कंपनी सेगानं ८ डिसेंबर २००५ रोजी प्लेस्टेशन २ या यंत्रासाठी आणलेल्या या खेळाचं मूळ नाव 'र्यू गा गोतोकू', म्हणजे 'ड्रॅगनसारखा'. पुढच्या वर्षी तो पश्चिमेकडे गेला तेव्हा त्याला 'याकुझा' हे नाव दिलं गेलं. तोशिहिरो नागोशी हा त्याचा कर्ता. त्याची कल्पना कंपनीनं आधी नाकारली होती, असं त्यानं सांगितलं आहे. मुलांसाठी नाही, बायकांसाठी नाही, परदेशी गिऱ्हाइकांसाठी नाही, मग हा घेणार कोण, हा कंपनीचा प्रश्न. संवाद आणि कथा नीट व्हावी म्हणून त्यानं सेइशू हासे या कादंबरीकाराची मदत घेतली. टोकियोच्या काबुकिचो भागातल्या गुन्हेगारीवर लिहून नाव मिळवलेला हा लेखक. पुढं २०२० साली त्याला नाओकी पारितोषिक मिळालं.

या खेळातलं 'मोकळं जग' केवढं? आपल्या बाजारपेठेच्या चार-सहा गल्ल्यांएवढं. नाव कामुरोचो. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनाजवळच्या काबुकिचो या खऱ्या वस्तीवरून ते हुबेहूब उतरवलं आहे. महायुद्धानंतर तिथं काबुकी नाटकांचं थिएटर बांधायचा बेत होता. थिएटर झालंच नाही, नाव तेवढं राहिलं आणि पुढं ती रात्रीच्या करमणुकीची वस्ती झाली. खेळातल्या या वस्तीत मोटार पळवायची सोय नाही. नायक पायीच हिंडतो. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत गेलात तर चार-पाच मिनिटांत जग संपतं. पण त्या चार गल्ल्यांत नूडल्सचं दुकान आहे, औषधाचं दुकान आहे, गाणी म्हणायचं कॅरिओके आहे, चेंडूफळीच्या सरावाची जाळी आहे, 'डॉन किहोते' या खऱ्या दुकानसाखळीचं दुकानही आहे. वर्षानुवर्षं पुढचे भाग आले आणि वस्ती तीच राहिली. दुकानं बदलली, पाट्या बदलल्या, मोकळ्या जागी इमारत उभी राहिली. खेळणाऱ्याला ती गल्ली पाठ झाली. आपण बाहेरगावाहून पाच वर्षांनी कोपरगावात उतरलो की जसं वाटतं, तसं नवा भाग उघडल्यावर वाटतं, असं भाचा म्हणाला.

आणि गल्लीत भेटतात ती माणसं. प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं असतं. भाच्यानं मला त्यातली एक छोटी गोष्ट दाखवली. एका शाळकरी मुलानं पैसे साठवून नुकताच बाजारात आलेला व्हिडिओ गेम विकत घेतलेला असतो. एक माणूस तो हिसकावून पळतो. नायक त्याला गाठतो तर तो म्हणतो, माझ्याकडून दुसऱ्यानं हिसकावला. दुसऱ्याकडून तिसऱ्यानं. एकेकाशी मारामारी करत नायक शेवटच्या माणसापर्यंत पोचतो, आणि तो निघतो त्याच मुलाचा बाप. मुलाला तो खेळ द्यायची त्याची इच्छा होती आणि त्यासाठी तोही हिसकावणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिला होता. मी तीस वर्षं मूल्यशिक्षणाचे तास घेतले. त्यातल्या किती तासांना मुलांना इतकं समजलं असेल, अशी शंका मला त्या रात्री आली.

ज्यानं पोरकं केलं, तोच पालक

मुख्य कथा किर्यू काझुमा या माणसाची. हा अनाथाश्रमात वाढलेला. पाठीवर ड्रॅगन गोंदलेला, अंगानं मजबूत, बोलायला थोडका. जिवलग मित्र निशिकियामा, तोही त्याच अनाथाश्रमातला. १९९५ साली या मित्राच्या हातून त्यांच्या टोळीच्या म्होरक्याचा खून होतो. किर्यू तो गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो आणि दहा वर्षं तुरुंगात जातो. २००५ मध्ये सुटून येतो, तर ज्याच्यासाठी गेला तो मित्र आता वेगळाच माणूस झालेला असतो. टोळीचे एक हजार कोटी येन गायब असतात आणि सगळे एका लहान मुलीच्या मागं लागलेले असतात. पुढं गादीवर कोण बसणार यावरून भाऊबंदकी माजते. राघोबादादांनी आयुष्याचे शेवटचे दिवस ज्या गावात काढले, त्या गावातल्या माणसाला हा भाग वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

पण या कथेतला खरा घाव वेगळा आहे. ज्या काझामानं तो अनाथाश्रम चालवला, पोरांना वाढवलं, ज्याला किर्यू बापाच्या जागी मानतो, तो स्वतः याकुझा असतो. मरताना तो कबूल करतो, तुझ्या आईबापांना मीच मारलं होतं. ज्यानं पोरकं केलं, तोच पालक झाला.

खऱ्या याकुझांची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. त्यांच्यात मालक आणि नोकर नसतात. ओयाबुन असतो, म्हणजे बापाच्या जागचा. कोबुन असतो, म्हणजे लेकराच्या जागचा. बरोबरीचे असतील तर थोरला भाऊ, धाकटा भाऊ. एकाच प्याल्यातून तांदळाची दारू पिऊन हे नातं जोडतात आणि टोळीला 'कुटुंब' म्हणतात. चूक झाली तर करंगळीचं पेर कापून द्यायची रीत होती, तीही या बापापुढंच.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईतल्या टोळ्यांच्या म्होरक्यांना लोक काय म्हणत आले? भाई. दादा. अण्णा. डॅडी. सगळे शब्द घरातले. खंडणी मागणाऱ्याला 'साहेब' म्हणून भागलं असतं, पण नातं लागतं. कारण त्या टोळीत जाणारं पोरगं पैशासाठी जातं हे अर्धंच खरं आहे. 'तू माझा माणूस आहेस' असं त्याला पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलेलं असतं.

तळहाताएवढी जागा

भाचा खेळत होता तो 'याकुझा झिरो' नावाचा भाग. २०१५ साली जपानमध्ये आला, २०१८ मध्ये संगणकावर आला. काळ दाखवला आहे डिसेंबर १९८८ चा. जपानमध्ये तेव्हा पैशाला ऊत आला होता. जमिनीचे भाव गगनाला भिडले होते. टोकियोचा शेअर निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ३८ हजारांच्या पुढं गेला आणि मग जो कोसळला, तो ती पातळी पुन्हा गाठायला २०२४ उजाडलं.

या भागात सगळं रामायण घडतं ते कामुरोचोतल्या एका मोकळ्या जागेवरून. इमारतींच्या मधोमध, एक खोली उभी राहील न राहील एवढी ती जागा. पण तिच्याशिवाय वस्तीच्या पुनर्विकासाची आखणी पुरी होत नाही, म्हणून तिची किंमत अब्जावर. म्होरक्या जाहीर करतो, जो ही जागा मिळवेल तो पुढचा कारभारी. आणि जागेची खरी मालकीण कोण? एक दृष्टी गेलेली तरुण मुलगी. ती जमीन आपल्या नावावर आहे हे तिला माहीतही नाही. तिला मारायचा हुकूम ज्याला मिळतो, तो माजिमा नावाचा माणूस तिला पाहतो आणि त्याचा हात उठत नाही.

हे कल्पित आहे, पण हवेतलं नाही. त्या वर्षांत जपानमध्ये जमीन रिकामी करून देणाऱ्यांचा धंदाच झाला होता आणि बिल्डरांच्या वतीनं भाडेकरूंना घाबरवायचं काम याकुझा करत. आपल्याला हे सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्या जमिनी तापू लागल्या. १९९४ साली गिरणीमालक सुनीत खटाव यांचा महालक्ष्मीजवळ भर दिवसा खून झाला. त्या खुनाचा धागा गिरणीच्या जमिनीशी आणि टोळ्यांच्या वैराशी जोडला गेला. त्याच गिरणगावात मटका वाढला होता आणि त्याच चाळींतली बेकार पोरं टोळ्यांना मिळाली. पोरांची घरं गेली, जमिनीवर मनोरे उभे राहिले. खेळातली ती तळहाताएवढी जागा पाहताना मला लालबाग-परळ दिसत होतं.

'मुंबई गलीज' या नावाचा मुंबईवर बेतलेला ओपन वर्ल्ड गेम करत असल्याचं मुंबईच्या 'गेमईऑन' या कंपनीनं २०२० साली जाहीर केलं. आपल्या गल्ल्या आपल्या लोकांनी पडद्यावर आणाव्यात याचा मला आनंदच आहे. अपेक्षा एवढीच, की गल्लीत नुसती मारामारी नको, तिथली माणसंही असावीत.

परतीचा दरवाजा

आता कायद्याकडे वळू. जपानमध्ये १९६३ च्या सुमाराला याकुझा आणि त्यांचे साथीदार मिळून १ लाख ८४ हजार होते. त्यांच्या कचेऱ्यांवर पाट्या असत, खिशात नावाची कार्डं असत. १९९२ मध्ये टोळीविरोधी कायदा लागू झाला. टोळीत असणं हाच गुन्हा, असं त्या कायद्यानं म्हटलं नाही. टोळ्यांची अधिकृत नोंद करून त्यांच्या हालचालींवर बंधनं आणली. आपला मोक्का १९९९ चा. त्यात संघटित टोळीचं सदस्य असणं हीच शिक्षेची गोष्ट आहे. जपाननं २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत आणखी एक पाऊल टाकलं. याकुझाशी व्यवहार करणाऱ्या दुकानदारालाही जाब विचारला जाऊ लागला. परिणाम असा झाला की याकुझाला बँकेत खातं मिळेना, मोबाइल मिळेना, भाड्यानं घर मिळेना. टोळी सोडल्यावरही पाच वर्षं त्याला याकुझाच धरण्याची पद्धत पडली. २०२४ च्या अखेरीस त्यांची संख्या १९ हजारांच्याही खाली आली होती. राहिलेल्यांत निम्म्याहून अधिक पन्नाशीच्या पुढचे.

टोळ्या मोडल्या हे चांगलंच झालं. पण ज्याला सुटायचं आहे, त्यानं ती पाच वर्षं जगायचं कसं? २०२० च्या भागात खेळानं हाच प्रश्न घेतला. कासुगा इचिबान हा नवा नायक म्होरक्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतो आणि अठरा वर्षं तुरुंगात काढतो. सुटून येतो तर दारात न्यायला कुणी नाही. ज्याला बाप मानलं तो ओळख दाखवत नाही. मग योकोहामात बेघरांच्या वस्तीत राहणं, रोजगार केंद्रात रांग लावणं, डबे-बाटल्या गोळा करणं. खेळात पहिल्यांदा पैसा मिळतो तो असा.

हे पाहताना मला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. गणितात हुशार. तोंडी बेरजा त्याच्याइतक्या झटपट कुणाला येत नसत. ती हुशारी पहिल्यांदा ओळखली ती शाळेनं नव्हे, चिठ्ठ्या फाडणाऱ्यानं. दहावीच्या आधीच तो आकडे लिहायला बसू लागला. मग मुंबईला गेला. दोन दिवाळ्यांना पांढरे बूट घालून आला, पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची, मीही त्यात होतो. मग काही वर्षं आलाच नाही. आला तेव्हा तुरुंग पाहून आला होता आणि त्याला खरंच सगळं सोडायचं होतं. खोली भाड्यानं मिळेना. हिशेबाचं काम मिळेना. माझ्याकडे एकदा आला, म्हणाला, "मास्तर, शाळेत शिपायाची जागा आहे म्हणतात, शब्द टाकशील का?" मी बघतो म्हणालो. मी शब्द टाकला नाही. नोकरीत नवा होतो, लोक काय म्हणतील ही भीती होती. दोन महिन्यांनी तो परत मुंबईला गेला. पुढं त्याचं काय झालं ते वर्तमानपत्रात चार ओळींत आलं.

जपानमध्ये पाच वर्षांचा नियम कागदावर आहे. आपल्या गावात तो कुणी लिहिलेला नाही, आपण तो मनातल्या मनात पाळतो, आणि त्याला पाच वर्षांची मुदतही नाही.

खेळातलं खोटं

या खेळाची बाजू घेताना त्यातलं खोटंही सांगायला हवं. कथेत किर्यू कुणाचा जीव घेत नाही, हे त्याचं ब्रीद. पण तोच किर्यू भर चौकात माणसाच्या डोक्यात सायकल घालतो, आणि तो मार खाल्लेला माणूस उठतो, हात जोडतो आणि खिशातले पैसे देऊन निघून जातो. खऱ्या चौकात सायकल डोक्यात बसली तर माणूस उठत नाही. पोरं अजून 'तीनशे सात' म्हणतात, १ जुलै २०२४ पासून खुनाच्या प्रयत्नाचं कलम भारतीय न्याय संहितेत १०९ झालं. आकडा बदलला, जन्माची खोड तीच. शिवाय या खेळात दारू आहे, रात्रीचे क्लब आहेत, रक्त आहे. परदेशांत त्यावर सतरा-अठरा वर्षांवरील असा शिक्का असतो आणि तो योग्य आहे. आठवीतल्या मुलाच्या हातात हा देऊ नये.

मात्र माझी खरी काळजी वीस वर्षांच्या भाच्याची नव्हती. तो खेळ बंद करतो आणि प्रोजेक्टला बसतो. काळजी त्या पोरांची, ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही, फक्त फोन आहे. त्यांच्या फोनवर बाप म्हणवून घेणारी गाणी, गाड्यांचे ताफे, तलवारीनं कापलेले वाढदिवसाचे केक. अशा केकपायी शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या आल्या, त्यात कितीतरी अल्पवयीन होती. ऊसतोडीचं अवजार ते. आपल्या तालुक्यात दर हंगामात कोयत्यानं घरं चालतात. तोच कोयता पोरगं मिरवतं, कारण फलकावर नाव कुणाचं येतं ते त्यानं पाहिलेलं असतं.

जपानमध्येही जुन्या टोळ्या ओसरल्या तशी नवी तऱ्हा आली आहे. मोबाइलवर जाहिरात येते, झटपट पैसे, थोडं काम. पोरगं हो म्हणतं. मग त्याची ओळखपत्रं घेतली जातात, घरच्यांचा पत्ता घेतला जातो आणि त्याला दरोड्याला पाठवलं जातं. हुकूम देणाऱ्याचा चेहरा त्यानं कधी पाहिलेला नसतो. २०२२-२३ मध्ये अशा दरोड्यांनी जपान हादरलं. तिथं प्याला नाही, बाप नाही, भाऊ नाही. जुन्या टोळीत नात्याचं निदान सोंग तरी होतं.

मग आपण काय करायचं? मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. मुलाच्या पडद्यावर काय चाललंय ते दारातून ओरडून विचारायचं नाही, शेजारी बसून विचारायचं. हा कोण? याला तुरुंगात का जावं लागलं? सुटल्यावर त्याला कुणी घरात घेतलं का? तू घेतलं असतंस का? या प्रश्नांना उत्तरं देताना मुलं फार खरं बोलतात. भाच्यानं मलाच उलट विचारलं, "मामा, तुम्ही त्या मित्राला घेतलं असतं का?" मी त्याला खरं ते सांगितलं.

आपलं कोपरगाव संजीवनीचं गाव. बेटावर शुक्राचार्यांचं देऊळ आहे. मेलेल्याला उठवणारी विद्या कचानं त्यांच्याकडून इथंच मिळवली, अशी आपली श्रद्धा आहे. व्हिडिओ गेमला ती विद्या सहज येते. किर्यू मेला की पडदा काळा होतो आणि विचारतो, पुन्हा सुरू करायचं का? बटण दाबलं की तो उभा. बाहेर असं बटण नाही. बाहेर संजीवनी असलीच तर ती दुसऱ्या माणसाच्या हातात असते. कुणीतरी खोली द्यावी लागते, कुणीतरी काम द्यावं लागतं, कुणीतरी शब्द टाकावा लागतो.

आठ, नऊ, तीन. बेरीज शून्य, म्हणून ही पानं टाकून देतात. पण आमच्या वर्गातला तो मुलगा बेरजेत कधी चुकला नव्हता. चुकलो असेन तर मी.